थापी धुतल्यावर

आमच्या बाल्कनीत फरशी बसवायला आलेले मिस्त्री पाच वाजले की उठतात. नळाखाली आधी थापी धुतात, मग कोपरापर्यंत हात. सिमेंटचं राखाडी पाणी वाहून जातं आणि ते स्वतःशीच म्हणतात, "चला, सुटलो." मी आत टेबलाशी ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसलेली असते.

काल रविवारीही ते आले होते. चहा पिताना त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला रविवारचापण पगार मिळतो?"

"मिळतो. महिन्याचा असतो ना."

"आणि काम?"

"रविवारी सुट्टी असते," असं मी म्हणतेय तोवर साहेबांचा फोन आला. मेला तेव्हाच यायचा होता! अर्धा तास बोलून बाहेर आले, तर मिस्त्री माझ्याकडे बघत होते.

"मग ही सुट्टी म्हणायची की ड्युटी?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आमचं सोपंय. खाडा केला की पैसे नाहीत. तुमचं बरंय," ते म्हणाले, पण म्हणताना ते जरा घोटाळलेच.

बरंय, हे खरंच आहे. तापाने पडले तरी माझा पगार चुकत नाही. त्यांचा रोज बुडतो. मग त्यांच्या त्या 'सुटलो'चा मला हेवा का वाटावा? लाज वाटते, आणि तरीही वाटतोच.

आज ते गेल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि उगाचच नळाखाली हात धरले. पाणी आलं तसं स्वच्छच वाहून गेलं.

मी साबण लावून पुन्हा हात धरले.