दोघी बहिणींची एकच जन्मतारीख
एक जूनला बाबांचा कागदोपत्री वाढदिवस असतो, आणि दरवर्षी त्या तारखेला मला ऑस्ट्रेलियातल्या टूनगॅबीच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवते. मी तिथे रिसेप्शनला नवीनच लागले होते. दोन म्हाताऱ्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, बहिणी आल्या. त्यांनी दिलेल्या पेन्शन कार्डांवर दोघींची जन्मतारीख एकच होती, पण एक दुसरीपेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी मोठी दिसत होती. दुसऱ्याच कुणाचं कार्ड वापरताहेत, अशी मला शंका आली. "तुम्ही जुळ्या आहात?" मी जरा कडक आवाजातच विचारलं. थोरलीने कार्डं झटकन मागे ओढली. "तू चर्चची, की सरकारची?" "दवाखान्याची," मी म्हणाले. तिने कार्डं परत काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "आम्हाला लहानपणी सरकारी माणसांनी घरातून उचलून चर्चच्या मिशनच्या निवासी शाळेत नेलं, त्या दिवसाची तारीख आहे ही. दोघींना तीच लिहिली." मी ओशाळले. सावरून घ्यायला म्हणाले, "माझ्या बाबांचीही तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनीच ठरवली." "त्या संध्याकाळी तुझे बाबा घरी गेले?" "हो." "आम्हाला अकरा वर्षं लागली," ती म्हणाली, "तोवर आई गेली होती." तेव्हा मला माफी मागायचंही सुचलं नाही, आणि ते आता जास्त सलतं.