धाकट्या दाजींकडच्या टोप्या

थोरले दाजी म्हणजे शिस्तीचा माणूस. पाना जिथून उचलला तिथेच परत ठेवायचा, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच. धाकट्या दाजींशी भागीदारी मोडली तेव्हा ‘याच्या गॅरेजात पाऊल टाकणार नाही’ म्हणाले आणि खरंच टाकलं नाही. दोघे साडू, माझ्या दोन बहिणींचे नवरे. बहिणी रोज तासभर फोनवर बोलायच्या, ती गोष्ट वेगळी.

वाटणीत बाबांच्या जुन्या ट्रकचं खोललेलं इंजिनही आलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, आणि क्रँक थोरल्यांकडे, सुट्या भागांची एक पेटी धाकट्यांकडे. रागाच्या भरात कुणी डोकं चालवलं नाही.

पुढे बाबांना कमी ऐकू यायला लागलं. उरलेलंही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा म्हणाले, “त्याआधी एकदा माझ्या ट्रकचा आवाज ऐकवा.” थोरल्या दाजींनी शब्द दिला. “माझ्या गॅरेजात, माझ्या हातानं.”

पिस्टन, रिंगा, सगळं जमवलं. अडलं ते क्रँकपाशी. हा इंजिनाच्या पोटातला जाड दांडा. पाच लोखंडी टोप्या त्याला ब्लॉकशी आवळून धरतात, आणि त्या टोप्या होत्या धाकट्यांच्या पेटीत. दाजींनी भंगारातून तशाच इंजिनाच्या टोप्या आणल्या. माप तेच, नंबर तोच. आवळल्या, आणि क्रँक जाम. एकेक ढिली करून पाहिली, नवी बेअरिंग घालून पाहिली. दुसरी टोपी आवळली की क्रँक अडायचा, चौथी आवळली की हलायचाच नाही.

मी म्हटलं, “थोडी कानस मारा की.”

“मग भोक गोल राहील का, शहाण्या?”

कारखान्यात टोप्या ब्लॉकला लावूनच क्रँकसाठी भोक पाडतात, म्हणून प्रत्येक टोपी आपल्याच ब्लॉकची आणि आपल्याच जागेची. परकी टोपी केसभर सरकलेली असते आणि क्रँकला तेवढंही खपत नाही. सगळी भोकं नव्यानं एका रेषेत आणायची, तर तेवढं लांब मशीन लेथवाल्याकडे नव्हतं.

“मी आणते पेटी,” थोरली ताई म्हणाली. दाजी नको म्हणाले. त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही एवढा मोठा लावला की शेजारी येऊन दार वाजवत राहिले. बाबांना दारही ऐकू आलं नाही. दाजींनी उठून दार उघडलं आणि धाकट्यांकडे जायला चपला घातल्या. मीही मागोमाग निघालो.

धाकट्या दाजींनी पेटी दाखवली, दिली नाही. “टोप्या इथून हलणार नाहीत. ब्लॉक इकडे आणा.”

मला त्यांचा संताप आला. थोरले दाजी बाहेरच उभे होते. वाटलं, आता पाठ फिरवतील. त्यांनी विचारलं, “तुझी चेन-पुली पेलेल का इंजिन?”

धाकट्यांच्या गॅरेजात पाचही टोप्या आपापल्या जागी बसल्या. थोरल्यांनी एका हातानं क्रँक फिरवला. महिन्याभरानं ट्रक धाकट्यांच्या दारात सुरू झाला. बाबा बॉनेटवर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभे होते. मग धाकट्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “छान जुळवलंस रे.”

धाकट्यांनी मान खाली घातली. थोरले दाजी काही बोलले नाहीत. हात कुणाचे होते ते बाबांना सांगायचं तर इंजिन बंद करावं लागलं असतं, आणि ते अजून ऐकत होते.