रेषेबाहेरून घातलेला पाय

रविवार, ५ फेब्रुवारी १९३९, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. गुडघा शेकत बसलो आहे.

मंडळी, लोणावळ्यातला आजचा फुटबॉलचा अंतिम सामना आपण माझ्यामुळे हरलो. गुडघा दुखावल्यापासून मी खेळत नाही, संघाचा मॅनेजर आहे. बरोबरी होती, दोनच मिनिटे उरली होती. आपला सदू चेंडूमागे धावत होता. चेंडू अजून रेषेच्या आत होता, पण मी रेषेबाहेर उभा होतो तिथे येताच मी तो पायाने अडवला!

पंचांनी खेळ थांबवला आणि दोन्ही संघांच्या एकेका गड्यामध्ये चेंडू टाकला. तो समोरच्या कामशेतच्या संघाने पळवला आणि गोल केला.

सदू रडवेला होऊन ओरडला, "भाऊ, तुमी म्यानेजर का बारावा गडी? फुडच्या टायमाला दाव्यानं बांधतो तुमाला!"

तुमच्यापैकी कोणी खेळणे सोडले असेल तर सांगा, ते पायाला कधी कळते?