ताईचं कपाट आणि धाकट्याची लाल गाडी

ताईनं आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, तीही स्वतःच्या जुन्या, ऐसपैस सेडानवर. धाकट्या भावानं मात्र दोन सीटची, जमिनीला चिकटलेली जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि ताईच्या गाडीला ‘कपाट’ म्हणायला लागला. एके दिवशी ताईचं डोकंच फिरलं.

“चल, बाजारापासून घरापर्यंत. होऊन जाऊ दे!”

लाल गाडी गुरगुरत सुसाट सुटली. ताई आईला आणि भाजीच्या पिशव्यांना मागे बसवून सावकाश निघाली. शाळेपुढच्या उंच गतिरोधकावर बघते तर काय, लाल गाडी पोटावर टेकलेली आणि खाली तेलाचं थारोळं!

“तिरकी घाल, एकेक चाक चढव, असं घसा फोडून शिकवलं होतं ना तुला?”

ताईनं डिकीतून दोर काढला, लाल गाडी ओढून खाली घेतली आणि धाकट्याला तिच्या स्टिअरिंगवर बसवून तशीच मागे बांधून नेली. घराच्या गल्लीत ती मुद्दाम हॉर्न वाजवत शिरली. शेजारीपाजारी दारात आले, आई हसून हसून बेजार झाली. ताईनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“ब्रेकवर पाय ठेव रे राजा! नाहीतर कपाटाच्या पुढे जाशील!”