कड्याखालची इटली

दक्षिण इटलीच्या पायी सहली नियमाने काढणारे, माणसं वेळेवर नेऊन वेळेवर परत आणणारे आणि स्वतः इटलीत एकदाही पाऊल न ठेवलेले वाटाडे जगात एकच असावेत, आणि ते रियाधला अल मलाझमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची. मूळचे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. मिसरूड फुटायच्या वयात सौदीला आले, हफ्र अल बातिन, मग हाइल, मग रियाध असे सरकत सरकत एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून स्थिरावले. उंची बेताची, दाढी पांढरी आणि काटेकोर, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी ते लिफ्टमध्येसुद्धा काढत नसत. मी नाशिकची, बँकेत कॉम्प्युटरसमोर बसणारी, चालण्याचा मनापासून कंटाळा असलेली बाई. पण चाचांच्या नादाने तीन हिवाळे मी इटलीत पायपीट केली, तीही रियाधच्या पश्चिमेला, तुवैकच्या कड्याखाली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात हाइलला शिरलं. तिथं धान्याच्या कोठारांचं काम चालू होतं आणि कॅम्पमध्ये शेजारच्या खोलीत एक इटालियन फोरमन होता. त्याला हिंदी येत नव्हतं, चाचांना इटालियन येत नव्हतं आणि इंग्रजी दोघांनाही सारखंच येत नव्हतं, त्यामुळे मैत्री लवकर झाली. दर शुक्रवारी तो चाचांना आपल्या मुलखाबद्दल सांगायचा. बासिलिकाता नावाचा डोंगराळ भाग, मातेरा नावाचं गुहांचं गाव, दगडात कोरलेली चर्च, आणि त्या गावातून निघून पाच दिवसांत समुद्राला पोचणारी जुनी मेंढपाळांची वाट. काम संपल्यावर फोरमन गेला आणि जाताना त्या वाटेची नकाशांसकट एक पुस्तिका चाचांना देऊन गेला. चाचांनी ती शब्दकोश घेऊन वर्षानुवर्षं वाचली. वाचली म्हणजे काय, पाठच केली. तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर डाव्या हाताला विहीर कितव्या वळणानंतर येते, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. "मग एकदा जाऊन का नाही आलात?" असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बेटा, सुट्टी वर्षातून एकदा. ती इटलीला दिली तर घरी चाचीला काय देऊ?"

तेव्हा इटलीच इकडे आणणं भाग होतं. थंडी सुरू झाली की व्हॉट्सअॅपवर निरोप येई: 'दक्षिण इटली, दिवस पहिला, शुक्रवारी फजरच्या नमाजनंतर, पाणी स्वतःचं.' आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं गाड्या काढून कड्याकडे जायचो, चाचा शिट्टी मारायचे, "यल्ला" म्हणायचे आणि मातेरा सुरू व्हायचं. एकदा पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं या ग्रुपात सामील झालं. दोघंही आयटीतली, उत्साही. ती पहाटे इमारतीखाली उभी होती ती चाकांच्या बॅगा आणि पासपोर्ट घेऊन. एवढ्या स्वस्तात सहल कशी, असा प्रश्न त्यांना पडला होता म्हणे, पण आखाती देशांत काहीही स्वस्त मिळतं असं त्यांनी ऐकलं होतं. आम्ही हसू दाबत होतो. चाचा मात्र अजिबात हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पासपोर्ट उघडून पाहिले, परत दिले आणि म्हणाले, "बॅगा गाडीत ठेवा. वाटेला चढ हाय." ते जोडपं नंतर एकही शुक्रवार चुकलं नाही.

चाचांच्या इटलीचे नियम कडक होते. पहिल्या टेकाडापासून पुढे ऑलिव्हच्या बागा लागत, त्यांना कुंपण नव्हतं पण हद्द होती. माझा नवरा एकदा फोनवर बोलत सरळ चालत गेला तर मागून शिट्टी वाजली. "भाई, दुसऱ्याच्या बागेतून चालायचं नाय. वळसा घाला." समोर क्षितिजापर्यंत वाळू आणि दगड. नवऱ्याने चार पावलं मागे येऊन व्यवस्थित वळसा घातला. गेल्या दहा वर्षांत माझं एवढ्या निमूटपणे त्याने एकदाही ऐकलेलं नाही. वाटेत एक सुदानी उंटवाला भेटायचा. दिसेल त्या गावकऱ्याला "बोनजोर्नो" म्हणायचंच, असा दंडक असल्यामुळे आम्ही ओळीने त्याला बोनजोर्नो घालायचो. पहिल्या हिवाळ्यात तो उंट घेऊन लांब सरकला. दुसऱ्या हिवाळ्यात थांबून बघायला लागला. तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही दिसलो की तोच लांबून हात वर करून "बोनजोर्नो" ओरडायचा, आणि चाचा आम्हाला अभिमानाने सांगायचे, "बघा, किती मायाळू लोक." आमच्या लेकीला वाळू, उंट, बागा, कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तिची एकच तक्रार असायची: "मम्मा, इटली में वॉशरूम नहीं है."

चाचांच्या तोंडी दोन शब्द कायम असत. एक म्हणजे 'पाखाडी'. कोकणात घरापासून वाडीपर्यंत उतरत जाणारी दगडी पायऱ्यांची वाट, तिला पाखाडी म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुस्तिकेतल्या फोटोत मातेराच्या पायऱ्या बघून त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला होता की ही पाखाडीच आहे, आणि तिथले लोक तिला वेगळं काही म्हणत असतील तर ती त्यांची चूक. दुसरा शब्द 'हितंच'. अजून किती चालायचंय, असं कुणीही कधीही विचारलं तरी उत्तर एकच, "हे काय, हितंच." या हितंचमध्ये मी दोन जोड बुटांचे तळवे झिजवले. बाकी चुकीला माफी नव्हती. कुणी चर्चला देऊळ म्हटलं, मातेराला मटेरा म्हटलं, डावीकडची विहीर उजवीकडे आठवली, की जागच्या जागी दुरुस्ती व्हायची. पाचव्या दिवशी वाट एका उंचवट्यावर संपायची आणि चाचा हात पसरून सांगायचे, "इथून समुद्र दिसतो." आम्ही समुद्र बघायचो, तमीसची गरम रोटी आणि चहा घ्यायचो आणि घरी यायचो.

मागच्या वर्षी चाचांचं निवृत्तीचं ठरलं. इथं निवृत्ती म्हणजे नुसती नोकरी सुटणं नसतं. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, संपतो, पासपोर्टवर फायनल एक्झिट पडते आणि माणूस कायमचा जातो. चाचा एका संध्याकाळी आमच्याकडे आले, सोफ्याच्या अगदी कडेला बसले आणि गळ्यातली शिट्टी चाचपत म्हणाले, "बेटा, तुला ते फॉर्म भरता येतात ना? मला खरी वाट चालायची हाय. एकट्याला नाय. चाचीला घेऊन." लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं मिळून कुठं गेलोय म्हणशील तर दवाखान्यात आणि पोरींच्या सोयरिकींना, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "तिला मी सुट्टीत सगळं सांगत आलोय. ती ऐकते. पण ती म्हणते, तुम्ही नुसतं सांगता."

मी फॉर्म भरले. त्यांचे इथून, चाचींचे मुंबईहून. हॉटेलं, विमा, वाटेवरचा खरा गाईड, सगळं ठरलं. खऱ्या गाईडने इमेलमध्ये विहीर उजव्या हाताला लिहिली होती, त्याला चाचांनी माझ्याकरवी दुरुस्ती कळवली आणि त्या बिचाऱ्याने तपासून माफी मागितली. इतका आनंदी माणूस मी अल मलाझमध्ये पाहिलेला नाही. ते संध्याकाळी चालायचे बूट घालून जिना चढायचे-उतरायचे आणि दर मजल्यावर थांबून श्वास मोजायचे.

त्यांचा व्हिसा आला. चाचींचा आला नाही. मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. मी ते चाचांना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे ती तिकडंच राहील असं म्हणतात?" जी बाई चिपळूणला लेकीकडे गेली तरी कोंबड्यांसाठी संध्याकाळच्या एसटीने घरी येते, ती इटलीत दडून बसेल अशी भीती कुणाला तरी वाटली होती. मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू. पण एक्झिटची तारीख पडलेली होती. मग म्हटलं, तुम्ही तरी जाऊन या, तुमचा शिक्का पडलाय. चाचांनी पासपोर्ट मिटून खिशात ठेवला. "खलास," ते म्हणाले, आणि वर गेले. त्या दिवशी मला त्या पत्र लिहिणाऱ्याचा फार राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात चाची सौदीच्या भेटीच्या व्हिसावर रियाधला आल्या. चाचांचं सामान बांधायला, असं कारण. ठेंगण्या, सावळ्या, बोलायला मोजक्या. दोघांचं परतीचं विमान बुधवारचं होतं आणि त्याआधीच्या शुक्रवारचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला: 'दक्षिण इटली, दिवस पाचवा.' बाकी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी झाडून सगळी कुटुंबं आली.

चाची काळ्या अबायाखाली नवे कोरे बूट घालून हळूहळू चालत होत्या. चाचा शेजारून सांगत होते आणि आम्ही मागे राहिलो होतो, पण सकाळच्या शांततेत सगळं ऐकू येत होतं.

"ही ऑलिव्हची बाग गो."

चाची थांबल्या. रिकाम्या माळाकडे त्यांनी नीट पाहिलं. घरची आंब्याची कलमं इतकी वर्षं त्यांनी एकटीने राखली होती. "मोहर कधी येतो याला?"

चाचा गडबडले. पुस्तिकेत मोहर नव्हता. "बघायला पाहिजे," ते म्हणाले.

"आणि पाणी कुठनं घालतात?"

"विहीर हाय. डाव्या हाताला."

"लांब हाय मग," चाची म्हणाल्या आणि बागेला वळसा घालून पुढे निघाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या उंचवट्यावर पोचायला बराच वेळ लागला. खाली नेहमीचीच सपाट, पिवळट जमीन पसरली होती आणि लांबवर हवा थरथरत होती. चाचांनी या वेळी हात पसरले नाहीत. नुसतं म्हणाले, "इथून समुद्र दिसतो."

चाचींनी कपाळावर हात धरला. जन्म खाडीच्या काठावर गेलेला, त्यामुळे पाण्याकडे कसं बघायचं हे त्यांना माहीत होतं. त्या डावीकडून उजवीकडे सावकाश बघत गेल्या.

"भरती हाय वाटतं," त्या म्हणाल्या.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. याच जागेवर माझ्या नवऱ्याने एकदा ओहोटीवरून काहीतरी विनोद केला होता, तेव्हा चाचांनी त्याची चांगली दहा मिनिटं शिकवणी घेतली होती. आम्ही सगळे चाचांकडे बघायला लागलो.

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि समोर पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आत्ताच लागलीय."

चाचींनी मान डोलावली. मग दोघं एकमेकांशेजारी उभे राहून बराच वेळ पाणी चढताना बघत राहिले.