बारशाला जाणारी शाळा

नोकरीच्या सुरुवातीला मी शिकवण्याइतकीच बारशी केली, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. प्रताप नगरातल्या फ्लॅटांच्या मागे आमची महापालिकेची मराठी शाळा आहे आणि शाळेला लागून वस्ती. वस्तीत कुणाकडे बाळ झालं की आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, शाळा सुटल्यावर मला सोबत घेऊन निघायच्या. पर्समध्ये झबलं-टोपडं तयार असायचं. कुठे पाळणा म्हणायचा, कुठे आधी बुद्धवंदना व्हायची. मोठ्या बाईंना दोन्ही पाठ होतं. मी कन्हानहून दोन वाहनं बदलून येणारी. संध्याकाळी घर गाठायची घाई, त्यामुळे माझं तोंड वाकडंच असायचं.

"बाई, बारा दिवसांच्या बाळाला आपण काय शिकवणार?" मी एकदा चिडून विचारलं.

"आज नाही वं. सहा वर्षांनी. याले नियोजन म्हणतात."

त्याचं असं होतं, की वरच्या कार्यालयातून दरवर्षी विचारणा व्हायची: पुढच्या काही वर्षांत तुमच्या पहिलीत किती मुलं येतील? बाकीच्या शाळा गेल्या वर्षीचा आकडा थोडा कमी-जास्त करून पाठवून द्यायच्या. मोठ्या बाईंना ते पटत नसे. मुलं जन्मतात वस्तीत, तर अंदाजही वस्तीतूनच यायला हवा, हे त्यांचं म्हणणं. शिवाय ज्या घरी बारशाला गेलो, ते घर सहा वर्षांनी आपल्याला नाही म्हणणार नाही, हाही हिशेब होताच. आमच्याभोवती कॉन्व्हेंटं उगवत होती. नागपुरात इंग्रजी बोर्ड लागला की शाळेचं कॉन्व्हेंट होतं, मग ती गॅरेजच्या वर का भरेना. मोठ्या बाई त्यांच्याकडे पाहून नुसत्या हसायच्या. आपली पोरं पाळण्यात बांधलेली आहेत, या भरवशावर त्या होत्या.

तर त्या पहिल्या बारशांची पोरं यंदा सहा वर्षांची झाली. एप्रिलात आम्ही दोघी ओढण्या तोंडाला गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकून वस्तीत निघालो. ऊन असं, की कुत्रीही उभ्या गाड्यांखालून हलत नव्हती. दारोदारी स्वागत मात्र झकास झालं. पन्हं झालं, सरबत झालं, तुमचंच झबलं घातलं होतं बाई, असं सांगून झालं. मग पहिलीचा विषय निघाला की समोरची आई ओशाळायची. बुटीबोरीच्या कंपनीत जाणाऱ्या एकाच्या बायकोने शेवटी सरळ सांगितलं.

"तो तर तीन वर्षाचा होता तेव्हापासूनच नर्सरीत जाते बाई. आता केजी टू झालं त्याचं. पुढं मोठ्या कॉन्व्हेंटात टाकू म्हणतात त्याचे बाबा."

"अन् आमच्याकडे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तुमच्याइथं तीन वर्षाच्याले घेत होते काय?"

नर्सरी म्हणजे पोरं सांभाळायची सोय, शाळा खरी पहिलीपासून, असं आम्ही धरून चाललो होतो. आमचं नियोजन सहाव्या वर्षी सुरू होत होतं आणि त्यांचं तिसऱ्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. भर रस्त्यात मला हसू फुटलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत, कारण कार्यालयाने आधीच बजावलं होतं: यंदा पहिली भरली नाही तर वर्ग उघडणार नाही, आणि शाळा रिंग रोडपलीकडच्या शाळेत मिसळली जाईल. कार्यालयातल्या साहेबांनी मोठ्या बाईंना नकाशाही दाखवला होता. तुमच्या आजूबाजूला शाळाच शाळा आहेत, नियोजनात तुमची गरज दिसत नाही, म्हणाले. रिंग रोड ओलांडून आपली पोट्टी जाणार नाहीत, घरी बसतील, हे मोठ्या बाई त्यांना सांगत राहिल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. बंद शाळेच्या किल्ल्या आपल्या हाताने द्याव्या लागू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

मला राग आला की मी चालायला लागते. दुसऱ्या दिवशी मी तडक त्या नर्सरीत गेले. वस्तीच्या तोंडाशी एका घराच्या वरच्या मजल्यावर ती भरायची. अरुंद जिना, भिंतीवर बदकं आणि एका हॉलमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुलं. मॅडम माझ्याहून लहान निघाली. मी दम लागलेला असतानाच सुरू झाले, की तुम्ही आमची पोरं पळवता.

"बसा मॅडम, पाणी घ्या आधी. ऊन लागलं तुम्हाले," ती म्हणाली.

पाणी पिता पिता माझी नजर भिंतीवर गेली. बदकांच्या वर तिचं डी.एड.चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. परीक्षा पास होऊन ती भरतीची वाट पाहत बसली होती. वाट पाहता पाहता लग्न झालं, मुलगा झाला, मग सासऱ्यांचा वरचा मजला मागून घेतला.

"तुमच्या शाळेत जागा निघाली असती तर मी इथं काहून बसली असती?" तिने विचारलं.

आता भांडायचं कशावर? माझा राग त्या पाण्याबरोबरच उतरला. मग आम्ही दोन मास्तरणी भेटल्यावर बोलतात तसं बोलत बसलो. केजी टूच्या मुलांचा निरोप समारंभ करायचा होता, काळे गाऊन आणि टोप्या घालून. आयांना तो हवाच असतो. पण हॉल परवडत नव्हता आणि गच्ची तापलेली. मी म्हटलं, आमचं मैदान रिकामं पडलंय. महापालिकेच्या मैदानात घेतलं तर मॅडमचा स्टँडर्ड घसरला म्हणतील, पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्या नर्सरीत जातील, ही तिची भीती खरी होती. दोन दिवसांनी तिने होकार कळवला. मोठ्या बाईंनी लगेच झाडांखाली पाणी मारून घेतलं.

तो संध्याकाळचा कार्यक्रम आठवला की मला अजून हसू येतं. मुलं गाऊन घालून फाटकातून आत आली, समोर एवढं मोठं मैदान पाहिलं आणि सुटली. स्टेजवर कोणीच येईना. काळे गाऊन चहूकडे धावत होते, टोप्या कडुलिंबाखाली पडत होत्या, पाहुणे म्हणून बोलावलेले नगरसेवक हातात पदव्या घेऊन ताटकळत होते. आयांनी आधी आरडाओरडा केला, मग कंटाळून पायऱ्यांवर बसल्या. बुटीबोरीवाल्याची बायको मला म्हणाली, "माझा पोरगा एवढा धावते, हे मले मालूमच नव्हतं." मोठ्या बाई प्रत्येकीला पन्हं देत वर्ग दाखवत फिरत होत्या. पहिलीच्या प्रवेशाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला ते त्यांचं मोठं शहाणपण वाटलं.

शेवटी नर्सरीच्या मॅडमने माईक घेतला.

"माझा मुलगा पण यंदा केजी टू पास झाला," ती म्हणाली. "त्याले मी इथंच पहिलीत टाकून राहिली. तुम्ही तुमचं पाहा."

पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. एक-दोघी तोंड फिरवून निघूनही गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, पोरं धावताना पाहत. मला तेव्हा इतका आनंद झाला, की मी जाऊन तिचा माईक नीट स्टँडला लावायच्या निमित्ताने तिचा हातच धरला.

उन्हाळा संपून शाळा उघडली. सगळी मुलं आली नाहीत. काही जण नवी टाय लावून कॉन्व्हेंटच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसले, आणि तिच्या नर्सरीतली दोन-तीन लहान पोरंही खरंच दुसरीकडे गेली. पण आमचा पहिलीचा वर्ग भरला. साहेब स्वतः येऊन डोकी मोजून गेले आणि शाळा मिसळण्याची गोष्ट बंद झाली. मोठ्या बाईंनी शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी गरम आलूबोंडे मागवले.

शाळेच्या पहिल्या सकाळी नर्सरीची मॅडम मुलाला सोडायला आली आणि वर्गाच्या दारातच उभी राहिली. मला वाटलं, मुलगा रडेल म्हणून थांबली असेल. मुलगा तर केव्हाच आत जाऊन बसला होता. ती फळ्याकडे पाहत होती.

"भिंतीएवढा आहे," ती म्हणाली. "डी.एड.ला असताना पाठ घेतला होता असल्या फळ्यावर. त्यानंतर नाही."

मी तिच्या हातात खडू दिला. ती नको नको म्हणाली, पण खडू परत दिला नाही. मग तिने मोठ्ठा अ काढला, आणि मुलांशी बोलता बोलता तास कधी संपला ते कळलं नाही. मी मागे सतरंजीवर मुलांमध्ये बसून होते. फेरीवर आलेल्या मोठ्या बाई खिडकीशी थांबल्या. तास झाल्यावर आत येऊन तिला म्हणाल्या, "उद्या बी येजो. तुझी शाळा भराच्या आधी."

ती रोज येते. कागदावर तो पहिला तास माझ्या नावावर आहे, आणि मी मागे तिच्या मुलाशेजारी बसते. नर्सरीत सगळी तिला मॅडम म्हणायची, घरी तो तिला आई म्हणतो. पण त्या तासाला तो आमच्या इतर मुलांसारखा हात वर करून "बाई" म्हणतो, आणि दरवेळी ती क्षणभर थांबून मग त्याच्याकडे वळते.