लख्ख घरातले उंदीर

प्रसूती विभागात तिला सगळे मावशी म्हणत, वयाने तिच्याहून मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा. एकवीस वर्षं तिने तिथल्या फरश्या पुसल्या. घरीही तेच. पाहुणा उठून गेला की ही खुर्चीचे पाय पुसणार. हसणारे हसत, पण बोट ठेवायला तिने कुणाला जागा ठेवली नव्हती.

आणि नेमक्या याच बाईच्या घरात उंदीर शिरले. संडासाच्या पाइपाशेजारी भिंत खचून भोक पडलं होतं. तिने चिंध्या कोंबल्या, त्या कुरतडल्या गेल्या. पत्रा ठोकला, तर शेजारची भुसभुशीत भिंत पोखरली गेली. शेवटी वकिलाकडे टायपिंग करणाऱ्या शेजारणीने भाडेकरार वाचला.

"इमारतीच्या दोषाने उंदीर आले तर मालकांनी निस्तरायचं. भाडेकरूच्या घाणीमुळे आले तर भाडेकरूने. तुमची बाजू भक्कम आहे, मावशी."

मालक दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा, ते यायच्या आत, मावशीने लेंड्या झाडल्या, कुरतडलेली पिशवी फेकली, फिनेल मारलं. परका माणूस दारात येणार आणि घर असं कसं ठेवायचं? स्वतःच्याच हाताने पुरावा केरात टाकणारी अशी भाडेकरीण शोधून सापडायची नाही.

"कुठे आहेत उंदीर?" मालक म्हणाले. "माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे हे. पाइपाशी फट काय, सगळ्यांकडेच असते."

इकडे मुलीचे दिवस भरले. ती मावशीच्याच विभागात बाळंत झाली, बाळ जेमतेम दोन किलोचं. जावई जहाजावर. गुरुवारी दोघांना घरी सोडणार होते, आणि सोमवारी बाळासाठी घडी करून ठेवलेल्या दुपट्यावर मावशीला लेंड्या दिसल्या. तिने दुपटं तसंच शेजारणीला नेऊन दाखवलं.

"आता काही म्हणजे काही आवरू नका," शेजारीण म्हणाली. "मालकांना दिसू दे."

मावशीने झाडू शेजारणीकडे ठेवायला दिला, नाहीतर हात थांबले नसते. दोन दिवस ती त्या घाणीत राहिली. घास उतरेना. स्वतःच्याच घरात तिला पाहुण्यासारखं अवघडून बसायला होई.

बुधवारी सकाळी मालक आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी मोबाइलवर एकेक कोपऱ्याचे फोटो काढले.

"आता कळलं उंदीर का येतात ते."

"मी मुद्दाम ठेवलंय हो तसं. तुम्हाला दिसावं म्हणून."

"मुद्दाम. म्हणजे तुम्हीच कबूल करताय. मागे दोनदा आलो तेव्हा घर स्वच्छ होतं, उंदीर नव्हते. आता घाण आहे, उंदीर आहेत. करारात काय लिहिलंय ते वाचा, आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करा."

तिला पुष्कळ सांगायचं होतं. दोन्ही वेळा आपणच झाडलं होतं, हेही. पण मालक जिना उतरून गेले होते.

मावशीने झाडू परत आणला. केर काढला, फरशी दोनदा पुसली. भोकाशी वाकून तिने कान दिला. आत खुडबुड चालूच होती. मग तिने मुलीला फोन लावला. थोडे दिवस दुसरीकडे कुठे सोय होईल का, एवढंच विचारलं.

"दुसरीकडे कशाला?" मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, बाळाला फार जपा, स्वच्छ जागी ठेवा. मी म्हटलं, काळजीच नको. आमच्या आईच्या घरात जाणार आहे ते."